सरावात निखळलेला दात आणि पिशवीत राहिलेले माउथगार्ड

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून आमच्या तालुक्याच्या गावी दोन वर्षांपासून बॉक्सिंग शिकते. नऊ दिवसांपूर्वी ‘हलक्या’ स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, जोडीदार मुलीचे डोके तिच्या तोंडावर आदळले आणि वरच्या पटाशीच्या दातांपैकी एक मुळासकट बाहेर पडला. तिने हेडगार्ड घातले होते. माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे संरक्षक आवरण, मात्र पिशवीत होते, कारण ते स्पर्धेपुरते जपून ठेवायचे, असा क्लासमधला रिवाज आहे. प्रशिक्षकांनी दात नळाखाली घासून धुतला आणि कागदी रुमालात गुंडाळून आमच्या हाती दिला. दंतवैद्यांकडे पोहोचेपर्यंत दोन तास उलटले होते. त्यांनी दात पुन्हा बसवून तारेने बांधला आहे आणि रूट कॅनल करावे लागेल, असे सांगितले आहे. हा दात टिकेल का? मुलगी सरावाला केव्हा जाऊ शकेल? माउथगार्ड कोणते घ्यावे? तिची आजी म्हणते की हा खेळच बंद करा. तिचा दहा वर्षांचा भाऊ तालमीत जातो, त्याचेही काही पाहावे लागेल का? (एक वडील, सांगली जिल्हा)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र हाती आले तेव्हा घटनेला जवळजवळ दोन आठवडे होत आले होते, म्हणून रूट कॅनलविषयीचे दोन शब्द मी आपणांस लगेच स्वतंत्रपणे कळवले आणि बाकीचे सविस्तर उत्तर येथे देत आहे. चौदाव्या वर्षी पटाशीच्या दाताच्या मुळाचे टोक पूर्ण बंद झालेले असते. त्यामुळे एकदा तुटलेला रक्तपुरवठा त्या दातात परत सुरू होण्याची आशा धरता येत नाही, आणि आतली मेलेली नस तशीच ठेवली तर तिच्यातील जंतुसंसर्ग मूळ झपाट्याने पोखरू लागतो. अशा दाताचे रूट कॅनल दात बसवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, असा संकेत आहे. आपल्या दंतवैद्यांनी ते सांगितले, हे योग्यच केले. दुखत नाही म्हणून ते पुढे ढकलू नये. या बाबतीत न दुखणे हे बरे असल्याचे लक्षण नसते.

आता दात टिकेल का, या प्रश्नाकडे वळतो. याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो; मूळ आणि हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पातळ पडदा असतो आणि दात त्यावर पाळण्यासारखा तोललेला असतो. दात निखळतो तेव्हा हा पडदा फाटतो, त्याचा काही भाग मुळाला चिकटून बाहेर येतो आणि त्यातील पेशी जिवंत असेपर्यंतच दात परत बसवल्यावर पूर्वीसारखा जोडला जाण्याची शक्यता असते. कोरड्या हवेत या पेशी मिनिटामिनिटाला मरत जातात. पहिल्या पंधरा मिनिटांत दात जागेवर गेला तर त्या बहुधा वाचतात. तासभर कोरडा राहिला तर वाचत नाहीत. आपल्या मुलीचा दात दोन तास कागदात होता आणि त्याआधी मूळ घासले गेले होते. त्यामुळे तंतूंची जोडणी पूर्ववत होणार नाही, असे धरून चालावे. अशा वेळी हाड थेट मुळाला चिकटते आणि पुढे काही वर्षांत मुळाची जागा हाड हळूहळू घेत जाते. दंतवैद्य आरशाच्या दांड्याने असा दात हलकेच ठोकतात तेव्हा शेजारच्या दातांपेक्षा वेगळा, धातूसारखा टणटणीत आवाज येतो, त्यावरून त्यांना हे कळते.

मग दात बसवलाच कशासाठी, असे आपणांस वाटेल. तरीही तो बसवणे हाच योग्य निर्णय होता. वाढत्या वयात रिकामी राहिलेली जागा हाड गमावत जाते आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, तर जबड्याची वाढ थांबेपर्यंत लावताच येत नाही. म्हणजे मध्ये कित्येक वर्षे जातात. तेवढा काळ स्वतःच्या दाताने हाडाची रुंदी आणि चेहऱ्याची ठेवण राखली तर तोच मोठा लाभ आहे. एक अडचण मात्र पुढे दिसू शकते. हाडाशी एकजीव झालेला दात शेजारच्या दातांबरोबर खाली सरकत नाही, त्यामुळे मुलगी वाढेल तसा तो आखूड दिसू लागतो. हा फरक एक मिलीमीटरच्या पुढे जाऊ लागला की दाताचा वरचा भाग काढून मूळ हाडातच ठेवण्याची एक शस्त्रक्रिया विचारात घेतली जाते. यासाठीच तपासण्या चुकवू नयेत. पहिल्या वर्षात त्या दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा टप्प्यांनी होतात आणि नंतर किमान पाच वर्षे दरवर्षी एकदा. मुलीच्या दातांना सरळ करण्याच्या तारा लावण्याचा विचार घरात असेल तर त्या डॉक्टरांनाही या अपघाताची कल्पना द्यावी, कारण हाडाशी एकजीव झालेला दात तारांनी जागचा हलत नाही.

सध्या तार आहे तोवर मऊ अन्न द्यावे आणि पुढच्या दातांनी काहीही तोडू देऊ नये. भाकरी दुधात कुस्करून, ऊस व मक्याचे कणीस यांना पूर्ण रजा. मऊ ब्रशने प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक द्रावणाने दिवसातून दोनदा गुळण्या कराव्यात. दात जमिनीवर पडला होता, तेव्हा धनुर्वाताच्या लसीची नोंदही एकदा तपासून घ्यावी.

प्रशिक्षकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी दात शोधला आणि आपल्या हाती दिला, हेच अनेक ठिकाणी होत नाही. तथापि असा प्रसंग पुन्हा कोणत्याही मुलावर येऊ शकतो, म्हणून त्या क्षणी काय करायला हवे होते ते येथे नीट सांगतो, आणि हा भाग आपण क्लासमध्ये वाचून दाखवावा अशी विनंती करतो.

सर्वांत आधी पाहायचे ते डोके. मुलगी शुद्धीवर आहे का, प्रश्नाला बरोबर उत्तर देते का, उलटी होते का, हे पाहिल्याशिवाय दाताकडे वळू नये; जो फटका दात उखडतो तो मेंदूलाही हादरा देऊ शकतो. मूल बेशुद्ध झाले असेल आणि दात कुठेच सापडत नसेल, तर तो श्वासनलिकेत गेला नाही ना, याची छातीच्या एक्स-रेने खात्री करावी लागते. हे सर्व ठीक असेल तर दात उचलावा, पण तो चावण्याच्या पांढऱ्या भागाला धरून. मुळाला बोटही लागू देऊ नये. माती लागली असेल तर दूध, सलाइन किंवा थंड पाण्याच्या धारेखाली क्षणभर धरावा. घासू नये, पुसू नये, साबण किंवा डेटॉल लावू नये. आपल्याकडे ‘स्वच्छ करणे’ म्हणजे घासणे हे इतके अंगवळणी पडलेले आहे की नेमका इथे तो चांगुलपणा घात करतो.

यानंतर सर्वांत चांगला उपाय म्हणजे दात तिथल्या तिथे परत खाचेत बसवणे. ऐकताना अंगावर काटा येतो, हे मला ठाऊक आहे. परंतु शुद्धीवर असलेल्या, सहकार्य करणाऱ्या मोठ्या मुलाच्या बाबतीत ते बहुधा जमते: शेजारचा दात पाहून पुढची बाजू पुढे ठेवावी, बोटाने सावकाश दाब द्यावा आणि मग स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगून थेट दंतवैद्यांकडे निघावे. थोडा वाकडा बसला तरी चालेल, ते नीट करता येते. धीर होत नसेल तर दात थंड दुधात बुडवून न्यावा. पिशवीतले कोणतेही दूध चालते, साखर घातलेले मात्र नको. क्लासजवळच्या चहाच्या टपरीवर ते हमखास मिळते. दूधही नसेल तर एखाद्या डबीत मुलाचीच लाळ जमवून त्यात दात ठेवावा, किंवा मूल समजूतदार असेल तर दात गालाच्या आत धरावा, अर्थात तो गिळला जाणार नाही या बेताने. साधे पाणी शेवटचा पर्याय, कारण पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. तरीही कोरड्या कागदापेक्षा पाणी बरे. नारळपाण्याविषयी अनेकजण विचारतात. त्यावर अभ्यास झाले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, म्हणून मी दुधाचाच आग्रह धरतो. हे सारे कायमच्या दातांविषयी आहे. निखळलेला दुधाचा दात परत कधीही बसवू नये, कारण वर घडत असलेल्या नव्या दाताला त्याने इजा होऊ शकते.

दात पूर्ण निखळणे हा प्रसंग त्या मानाने विरळा असतो. तुकडा उडणे आणि दात हलू लागणे हे अधिक वेळा घडते आणि तिथेच हयगय होते. उडालेला तुकडा ओला ठेवून नेला तर अनेकदा तोच परत चिकटवता येतो. तुकडा सापडला नाही आणि ओठही फाटला असेल, तर ओठाचा एक्स-रे काढायला सांगावे, कारण तुकडा ओठात रुतून बसल्याचे आणि वरून टाके पडल्याचे प्रकार घडतात. ज्या दाताला मार लागला पण जो हललाही नाही, त्याची नस काही महिन्यांनी शांतपणे मरू शकते. दात करडा पडू लागला तर वाट पाहू नये. फटक्यानंतर दात नेहमीसारखे एकमेकांवर बसत नसतील, खालचा ओठ बधिर वाटत असेल, तोंड उघडत नसेल किंवा जिभेखाली काळेनिळे दिसत असेल, तर जबडा मोडल्याचा संशय घ्यावा आणि दवाखाना नव्हे, रुग्णालय गाठावे. क्लासमधल्या मोठ्या मुलांपैकी ज्यांच्या खालच्या अक्कलदाढा हाडात अडकलेल्या आहेत, त्यांचा जबडा कोपऱ्याशी अधिक सहज मोडतो. त्यांनी एकदा दंतवैद्यांचा सल्ला घेऊन ठेवावा.

आता माउथगार्ड. स्पर्धेसाठी जपून ठेवायचे, या रिवाजाचा मला मनापासून राग येतो आणि तो मी लपवत नाही. स्पर्धेत मुलगी वर्षातून मोजक्या फेऱ्या खेळते. सरावात ती आठवड्यातून कित्येक फेऱ्या खेळते, तीही थकलेली, गप्पा मारत, समोर मैत्रीण आहे म्हणून निर्धास्त. ‘हलक्या’ स्पारिंगमध्ये ठोसा हलका असतो, पण दोन डोकी एकाच वेळी पुढे आली तर त्यांना हलके-जड कळत नाही. थकलेल्या खेळाडूचे तोंड उघडे पडते, आणि उघड्या तोंडाचा जबडा अधिक सहज निखळतो, जीभही दातांत सापडते. दातओठ खाऊन लढणे हा आपल्याकडचा वाक्प्रचार या खेळात शब्दशः घ्यावा: दात मिटलेले, मध्ये गार्ड आणि श्वास नाकाने. याची सवय सरावातच लागते. ज्या मुलीने सरावात गार्ड घातलेले नसते ती स्पर्धेत त्याने गुदमरते आणि ते थुंकून टाकते.

हेडगार्ड होते, असे आपण लिहिता. हेडगार्ड भुवया, कपाळ, कान यांना आच्छादते, काही प्रकारांत गालांनाही. तोंड उघडेच राहते. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढून टाकले, माउथगार्ड मात्र कायम ठेवले, एवढी एकच गोष्ट प्रशिक्षकांना सांगितली तरी पुरे. या साधनाचा जन्मही बॉक्सिंगमध्येच झाला. लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राउस यांनी १८९० मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या बसवल्या. त्यांचा उद्देश दात वाचवण्यापेक्षा, स्वतःच्याच दातांवर आपटून फाटणारे ओठ वाचवण्याचा होता. गंमत अशी की आपल्या मुलीच्या दाताचे रूट कॅनल झाले की ती पोकळी भरायलाही बहुधा हाच गटापर्चा वापरला जाईल.

बाजारात मिळणारे गार्ड तीन प्रकारचे असतात. तयार साच्याचे, जसेच्या तसे तोंडात घालायचे गार्ड घेऊच नये. ते दात मिटूनच धरावे लागते, म्हणजे नेमक्या फटक्याच्या क्षणी तोंड उघडले की ते निसटते, आणि घशाकडे गेले तर श्वास अडवते. दुसरे, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे. बहुतेक मुले हेच वापरतात आणि ते नीट बसवले तर उपयोगी आहे, पण नीट बसवणारा दुर्मीळ. मऊ झाल्यावर मुले ते करकचून चावतात आणि दाढांखाली व पटाशीच्या कडेला ते कागदासारखे पातळ होते. बसवल्यावर उजेडासमोर धरून पाहावे. चावण्याच्या जागी आरपार उजेड दिसला तर ते टाकून नवे घ्यावे. तिसरे, दंतवैद्यांनी माप घेऊन बनवलेले. दातांच्या ठशावरून प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकची पत्री तापवून बसवतात. एकच पत्री नुसत्या हवेच्या ओढीने बसवली तर ती पुढच्या दातांवर ताणून पातळ होते, म्हणून ठोशांच्या खेळासाठी दोन किंवा तीन पत्र्यांचे थर उच्च दाबाने एकजीव केलेले गार्ड मागावे. पुढच्या दातांसमोर तयार जाडी साधारण तीन ते चार मिलीमीटर असावी. त्याहून फार जाड केले तर संरक्षण फारसे वाढत नाही, बोलणे आणि श्वास मात्र अडतो. मागे ते किमान पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत जावे आणि खालचे दात त्यावर दोन्ही बाजूंनी सारखे टेकावेत.

परीक्षा सोपी आहे. गार्ड घालून तोंड पूर्ण उघडावे. ते वर चिकटून राहिले पाहिजे. घोटभर पाणी पिता आले पाहिजे आणि स्वतःचे नाव दुसऱ्याला कळेल असे सांगता आले पाहिजे. रंग लाल नको. तोंडातील रक्त दिसावे म्हणून हौशी बॉक्सिंगच्या नियमांत लाल गार्ड चालत नाही. सरावानंतर थंड पाण्याने व साध्या साबणाने धुवावे, छिद्रांच्या डबीत ठेवावे, उन्हात उभ्या गाडीत विसरू नये आणि कोणालाही, अगदी सख्ख्या भावालाही, वापरायला देऊ नये. कडा चावून फाटल्या किंवा सैल झाले की नवे घ्यावे. खर्चाची चिंता असेल तर सांगलीत दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, तिथल्या रुग्णविभागात चौकशी करावी. माउथगार्डमुळे मेंदूला बसणारा हादरा टळतो, असे कोणी विक्रेता सांगू लागला तर त्यावर विसंबू नये. ते दात, ओठ आणि काही प्रमाणात जबडा वाचवते, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यावे.

मुलीच्या परतण्याविषयी अंतिम शब्द तिच्या दंतवैद्यांचा, पण माझे मत विचाराल तर असे आहे. पहिल्या आठवड्यानंतर चालणे, पायांचा सराव, आरशासमोरचे सावकाश हात यांस हरकत नसावी. दोरीवरच्या उड्या आणि बॅगवरचे ठोसे तार निघेपर्यंत नकोत, कारण प्रत्येक ठोशाला आपण नकळत दात आवळतो. समोर जोडीदार असलेले कोणतेही काम किमान दोन महिने बंद ठेवावे, आणि त्यानंतरही एक्स-रे पाहून, दात हलत नाही याची खात्री करून, मापाचे गार्ड तोंडात असेल तरच सुरू करावे. तिला पहिल्या काही फेऱ्यांत भीती वाटेल. ती स्वाभाविक आहे. त्यावरून तिला कोणी चिडवू नये, एवढे प्रशिक्षकांनी पाहावे.

धाकट्या मुलाविषयी थोडक्यात. कुस्तीत ठोसा नसला तरी डोक्याला डोके, तोंडाला कोपर आणि गुडघा लागतोच, आणि तालमीत गार्ड घालण्याची पद्धत नाही, म्हणून मी वस्तादांशी बोलून घ्यावे असे सुचवेन. दहाव्या वर्षी तोंडात दुधाचे आणि कायमचे दात मिसळलेले असतात, त्यामुळे मापाचे महागडे गार्ड काही महिन्यांतच बसेनासे होईल. त्याला गरम पाण्याचे चांगले गार्ड घेऊन ते वेळोवेळी बदलावे. आखाड्याच्या मातीत हळद, ताक, लिंबू आणि तेल मुरवलेले असते, म्हणून ती औषधीच, अशी अनेकांची श्रद्धा आहे. ती माती पैलवानाच्या अंगाला कितीही मानवो, निखळलेल्या दाताच्या मुळाला ती मानवत नाही. तिथेही क्षणभर धुणे, दूध आणि धावपळ हेच करायचे.

आजींची काळजी मी समजू शकतो. खेळ चालू ठेवावा की नाही, हा निर्णय आपल्या घराचा आणि त्यात मुलीचा शब्द मोठा असावा. दंतवैद्य म्हणून मी एवढेच म्हणेन की केवळ या दातासाठी खेळ सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र गार्डशिवाय कोणीही जोडीने उभे राहणार नाही, हा नियम लावायला क्लास तयार नसेल, तर क्लास सोडण्याचे कारण नक्की दिसते. प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा सलाइनची एक बाटली, झाकणाची एक डबी आणि जवळच्या दंतवैद्यांचा क्रमांक प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवायला सांगावे.

आणखी एक. तार काढण्यासाठी जाल त्याच दिवशी गार्डचे माप द्यायची घाई करू नये. मापाचा लगदा तोंडातून ओढून काढताना नुकताच मोकळा झालेला दात त्याबरोबर हलू शकतो. काही ठिकाणी तोंडात फिरवायच्या छोट्या कॅमेऱ्याने माप घेतात, तशी सोय असेल तर प्रश्नच नाही; नसेल तर दात स्थिर झाल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच माप द्यावे, आणि तोवर ते पिशवीतले जुने गार्ड मुलीला तोंडात घालू देऊ नये, कारण ते ज्या दातांवर बसवले होते त्यांतला एक आता पूर्वीच्या जागी तंतोतंत नाही.

आपला,
सदरलेखक दंतवैद्य